मजकुराच्या रकान्यावर नियमाची खूण
तारापूरच्या रसायन-नोंदवहीपासून वाड्याच्या पिनकोडपर्यंत : स्वतःचे अ‍ॅनोटेशन कसे घडवावे

संगणकावरील कोणत्याही अर्जात सर्वांत निरुपद्रवी दिसणारा आणि प्रत्यक्षात सर्वाधिक घोटाळा करणारा भाग म्हणजे मजकुराचा रकाना होय. तारीख दिनदर्शिकेतून निवडता येते, तालुका यादीतून निवडता येतो. मोकळ्या रकान्यात मात्र माणूस वाटेल ते टंकू शकतो. त्या मजकुराची पारख कोठे करावी, कशी करावी आणि ती करताना खऱ्या माणसाला दाराबाहेर कसे ठेवू नये, हा आज्ञावली लिहिणाऱ्यापुढचा नित्याचा प्रश्न आहे. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत या प्रश्नाला मिळालेले एक सुटसुटीत उत्तर म्हणजे स्वतः घडविलेले अ‍ॅनोटेशन. पालघर जिल्ह्यातील दोन उदाहरणांच्या आधारे त्याचा परिचय येथे करून घेऊ.

अ‍ॅनोटेशन म्हणजे काय?

दुकानदार मालाच्या खोक्यावर ‘काच, जपून हाताळा’ अशी चिठ्ठी चिकटवतो. चिठ्ठीमुळे खोक्यातील वस्तू बदलत नाही. पण खोका हाताळणाऱ्याला काय करायचे ते कळते. अ‍ॅनोटेशन ही अशीच चिठ्ठी आहे. क्लासमधील एखाद्या रकान्याच्या डोक्यावर ती लावली जाते आणि त्या रकान्याविषयीचा नियम सांगते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये ही सोय २००२ पासून ‘अ‍ॅट्रिब्यूट’ या नावाने होती. जावा भाषेत ती सप्टेंबर २००४ मध्ये पाचव्या आवृत्तीबरोबर आली. मजकूर-तपासणीसाठी तिचा प्रमाणबद्ध वापर कसा करावा, हे ‘बीन व्हॅलिडेशन’ या विनिर्देशाने २००९ मध्ये ठरवून दिले. पुढे २०१३ आणि २०१७ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, आणि २०१९ पासून तो ‘जकार्ता’ या नव्या नावाखाली नांदत आहे.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. चिठ्ठी स्वतः काहीही तपासत नाही. तपासणारा वेगळा असतो. तो आज्ञावली चालू असताना क्लासची झडती घेतो, चिठ्ठ्या वाचतो आणि प्रत्येक चिठ्ठीशी जोडलेला तपासनीस बोलावतो. झडतीच्या या तंत्राला ‘रिफ्लेक्शन’ म्हणतात. तपासणाऱ्याला कोणी हाकच मारली नाही, तर रकान्यावर दहा चिठ्ठ्या असूनही चुकीचा मजकूर निर्वेध आत जातो.

तयार चिठ्ठ्या कोठे अपुऱ्या पडतात?

रकाना रिकामा नसावा, मजकुराची लांबी अमुक ते अमुक असावी, मजकूर ठरावीक नमुन्यात बसावा, अशा सामान्य नियमांसाठी विनिर्देशात तयार अ‍ॅनोटेशने आहेत. आयएसबीएनसारख्या काही क्रमांकांसाठी ‘हायबर्नेट व्हॅलिडेटर’ या प्रचलित प्रणालीतही तयार चिठ्ठ्या मिळतात. पण प्रत्येक व्यवसायाचे आणि प्रत्येक प्रदेशाचे स्वतःचे नियम असतात. ते नियम दहा ठिकाणी ‘जर-तर’च्या साखळ्यांत विखुरले, की एक ठिकाण दुरुस्त होते आणि नऊ तशीच राहतात. नियमाला एक नाव द्यावे, तो एकाच जागी लिहावा आणि हवा तेथे चिठ्ठीसारखा लावावा, हे स्वतःच्या अ‍ॅनोटेशनचे खरे प्रयोजन आहे.

उदाहरण पहिले : रसायनाचा क्रमांक

पालघर तालुक्यातील तारापूरचे नाव १९६९ मध्ये सुरू झालेल्या अणुवीज केंद्रामुळे देशभर परिचित झाले. त्याच परिसरात बोईसरला लागून असलेली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत रसायने, औषधे, पोलाद आणि कापड यांच्या कारखान्यांची आहे. अशा वसाहतीतील रासायनिक कारखान्याच्या भांडार-नोंदवहीत एक रकाना महत्त्वाचा असतो : रसायनाचा कॅस क्रमांक. ‘केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस’ या अमेरिकी संस्थेने १९६५ पासून प्रत्येक रसायनाला असा स्वतंत्र क्रमांक देण्यास आरंभ केला. एकाच रसायनाची व्यापारी नावे अनेक असतात. क्रमांक मात्र एक. धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांनी सुरक्षा-माहितीपत्रके तयार ठेवण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली आहे. ते माहितीपत्रक शोधण्याचा भरवशाचा दुवा म्हणजे हा क्रमांक. क्रमांक चुकला तर गळतीच्या वेळी कामगाराच्या हाती भलत्याच पदार्थाचे पत्रक पडू शकते.

कॅस क्रमांकाचे तीन भाग असतात. पहिल्या भागात दोन ते सात अंक, दुसऱ्या भागात दोन अंक आणि शेवटी एक पारख-अंक. मध्ये आडव्या रेघा. पारख-अंक काढण्याची रीत अशी : शेवटचा अंक वगळून उरलेले अंक उजवीकडून डावीकडे घ्यावेत, त्यांना अनुक्रमे १, २, ३, ४ असे गुणावे, बेरीज करावी आणि बेरजेला १० ने भागून जी बाकी उरेल, ती शेवटच्या अंकाशी जुळते का ते पाहावे.

गंधकाम्ल म्हणजे सल्फ्युरिक आम्ल याचा क्रमांक ७६६४-९३-९ हा आहे. उजवीकडून ३, ९, ४, ६, ६, ७ हे अंक. गुणाकार ३, १८, १२, २४, ३०, ४२. बेरीज १२९, बाकी ९. क्रमांक जुळला.

आता घाईत दोन अंकांची अदलाबदल होऊन ७६४६-९३-९ असे टंकले गेले, असे समजू. गुणाकार ३, १८, १८, १६, ३०, ४२. बेरीज १२७, बाकी ७. शेवटचा अंक ९ असल्याने क्रमांक नाकारला जाईल. ही अदलाबदल काल्पनिक वाटू नये. ७६४६-९३-७ हा पोटॅशियम बायसल्फेट या घनरूप क्षाराचा खरा क्रमांक आहे. म्हणजे तीव्र दाहक द्रव आणि एक क्षार यांच्या क्रमांकांत दोन अंकांची जागा आणि शेवटचा पारख-अंक एवढाच फरक. केवळ ‘चार अंक, रेघ, दोन अंक, रेघ, एक अंक’ असा नमुना तपासणाऱ्या तयार चिठ्ठीला ही चूक कधीच दिसणार नाही. येथे स्वतःचे अ‍ॅनोटेशन हवे.

चिठ्ठी आणि तपासनीस

असे अ‍ॅनोटेशन घडविताना दोन वस्तू लिहाव्या लागतात. पहिली चिठ्ठी, दुसरी तपासनीस. चिठ्ठीत पुढील गोष्टी ठरवायच्या असतात :

१) ती कशावर लावता येईल : रकान्यावर, पद्धतीच्या पॅरामीटरवर की संपूर्ण क्लासवर.

२) ती कोठवर टिकेल. जावात तीन पर्याय आहेत : केवळ मूळ मजकुरात, भाषांतरित फाइलमध्ये, किंवा आज्ञावली चालू असेपर्यंत. तपासणीसाठी तिसराच पर्याय हवा. काहीच न लिहिल्यास दुसरा पर्याय गृहीत धरला जातो. मग झडतीत चिठ्ठी सापडत नाही, चुकीचा संदेशही उमटत नाही आणि तपासणी मुकाट्याने बंद राहते.

३) तिचा तपासनीस-क्लास कोणता.

४) संदेश, गट आणि पेलोड हे तीन घटक. विनिर्देशाने ते सक्तीचे केले आहेत. एकही गाळला तर प्रणाली ती चिठ्ठी सदोष ठरवते.

चिठ्ठी लावलेला रकाना कसा दिसेल, याचा मराठीत मांडलेला आराखडा असा :

@रिकामेनको
@कॅसक्रमांक(संदेश = "कॅस क्रमांकाचा शेवटचा अंक जुळत नाही. पिंपावरील क्रमांक पुन्हा पाहा.")
मजकूर रसायनक्रमांक;

तपासनीस-क्लासमध्ये दोन पद्धती असतात. एक सुरुवातीला चिठ्ठीतील सूचना वाचून घेते. दुसरी प्रत्यक्ष मजकूर हाती घेऊन ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढाच निवाडा देते. कॅस क्रमांकासाठी दुसऱ्या पद्धतीचे काम चार पायऱ्यांत संपते : मजकूरच नसेल तर ‘योग्य’ म्हणणे; नमुना जुळत नसेल तर ‘अयोग्य’ म्हणणे; रेघा काढून अंकांची वरीलप्रमाणे बेरीज करणे; आणि बाकी शेवटच्या अंकाशी ताडून पाहणे.

मजकूर नसताना ‘योग्य’ म्हणणे नवशिक्याला खटकते. पण विनिर्देशाची ती शिफारस आहे आणि तिच्यामागे कारण आहे. रकाना सक्तीचा की ऐच्छिक, हा वेगळा नियम. त्यासाठी वेगळी चिठ्ठी आहे. एका तपासनिसाने एकच काम करावे. दोन्ही नियम एकत्र केले, तर ऐच्छिक रकान्यावर ती चिठ्ठी लावताच येत नाही.

आणखी एक पथ्य : एकच तपासनीस एकाच वेळी अनेक अर्जांसाठी बोलावला जाऊ शकतो. म्हणून एका अर्जाची बेरीज त्याने स्वतःच्या कायमच्या रकान्यात साठवून ठेवू नये. अन्यथा दोन अर्जांचे आकडे एकमेकांत मिसळतात, आणि ही चूक गर्दीच्या वेळीच उमटत असल्याने शोधणे अवघड जाते.

उदाहरण दुसरे : वाड्याचा पिनकोड

पिनकोडची पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे श्रेय टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिले जाते. सहा अंक, पहिला अंक शून्य नाही, एवढा नियम सोपा आहे. मोह होतो तो पुढे. पालघरचा पिनकोड ४०१४०४, बोईसरचा ४०१५०१, जव्हारचा ४०१६०३, मोखाड्याचा ४०१६०४. हे पाहून कोणीही ‘पालघर जिल्ह्याचा पिनकोड ४०१ ने सुरू होतो’ असे अ‍ॅनोटेशन लिहील आणि ते पालघर, बोईसर, डहाणू येथील सर्व चाचण्यांत उत्तीर्णही होईल.

वाडा तालुका याच जिल्ह्यात आहे आणि वाड्याचा पिनकोड ४२१३०३ आहे. म्हणजे या एका चिठ्ठीने वाड्याचा अर्जदार बाद होतो. उलट मीरा रोडचा ४०११०७ हा क्रमांक नियमात बिनदिक्कत बसतो. मीरा रोड मात्र ठाणे जिल्ह्यात आहे. नियम दोन्ही बाजूंनी चुकला. कारण स्पष्ट आहे : पिनकोडचे पहिले तीन अंक टपाल खात्याच्या वर्गवारीचा विभाग दाखवतात, महसुली जिल्हा दाखवत नाहीत. शिवाय पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. पिनकोड त्याच्या चार दशके आधीचे.

येथे पणाला काय लागते, याचा विचार करावा. कारखान्याच्या भांडारपालाने चुकीचा क्रमांक टंकला तर तो पिंपाकडे जाऊन पुन्हा पाहू शकतो. वाड्यातील एखाद्या पाड्यावरची व्यक्ती सेवा केंद्रात अर्ज भरते, पत्ता खरा सांगते, आणि पडदा म्हणतो, ‘पिनकोड चुकीचा आहे’. तिच्याजवळ दुरुस्त करण्यासारखे काहीच नसते. मग चालक काहीतरी ४०१ ने सुरू होणारे टंकतो, अर्ज पुढे सरकतो आणि पत्र भलत्या गावी जाते. अतिरेकी तपासणीने मजकूर शुद्ध होत नाही. खोटा मजकूर मात्र शुद्ध दिसू लागतो.

म्हणून नियम मांडताना दोन पातळ्या ठेवाव्यात. रचनेचा नियम चिठ्ठीत असावा : सहा अंक, पहिला शून्य नाही. पिनकोड खरोखर कोणत्या गावाचा, हे ठरविणे टपाल खात्याच्या यादीवर सोपवावे.

जुन्या कागदपत्रांसाठी चिठ्ठीतील ‘गट’ हा घटक उपयोगी पडतो. २०१४ पूर्वीच्या दाखल्यांवर ‘तालुका पालघर, जिल्हा ठाणे’ असेच लिहिलेले असणार. ‘जुनी नोंद’ आणि ‘नवी नोंद’ असे दोन गट केले, तर जिल्ह्याच्या नावाचा नियम केवळ नव्या नोंदींना लावता येतो आणि जुना दाखला खोटा ठरत नाही.

देवनागरी मजकुराची वेगळी पारख

नावाच्या रकान्यात ‘फक्त अक्षरे’ हवीत, असा नियम सर्रास लिहिला जातो. युनिकोडमध्ये ‘अक्षर’ हा एक वर्ग आहे आणि नमुन्यात तो नेमकेपणाने मागता येतो. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पायमोड ही चिन्हे त्या वर्गात मोडत नाहीत. त्यांचा वर्ग ‘जोडचिन्ह’ असा वेगळा आहे. परिणाम पाहण्यासाठी जिल्ह्यातील आठही तालुक्यांची नावे या नियमातून गाळून पाहावीत. पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा ही सातही नावे नाकारली जातात. एकटी ‘वसई’ उत्तीर्ण होते, कारण तिच्यात व, स आणि ई ही तिन्ही सुटी अक्षरे आहेत. मराठी नावांसाठी अक्षरांबरोबर जोडचिन्हांनाही परवानगी देणे अपरिहार्य आहे.

लांबीचा नियमही जपून लावावा. ‘पालघर’ हा शब्द आपण चार अक्षरी समजतो. संगणक त्यात पाच चिन्हे मोजतो, आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठविल्यास तोच शब्द पंधरा बाइट घेतो. चिठ्ठी चिन्हे मोजते आणि डेटाबेस बाइट मोजत असेल, तर चिठ्ठीतून सुटलेला मजकूर पुढे साठवताना अडतो.

‘कऱ्हाड’मधील अर्धा र आणखी वेगळा. तो दोन रीतींनी टंकला जातो : एकीत नुक्त्याचा र असतो, दुसरीत साध्या र नंतर पायमोड आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोन रीती एक करत नाही. तेव्हा तपासणीपूर्वी आपणच एक रीत ठरवून मजकूर तीत आणावा आणि त्या अदृश्य चिन्हाला ‘घुसखोर’ ठरवून नाव नाकारू नये.

अंकांचेही असेच. जावातील ‘अंक’ या नमुना-चिन्हाला मुळात केवळ इंग्रजी अंक कळतात. डॉटनेट आणि पायथॉनमध्ये तेच चिन्ह देवनागरी अंकांनाही होकार देते. मराठी कळफलकावरून टंकलेला पिनकोड एका प्रणालीत चालतो व दुसरीत नाकारला जातो, त्याचे हे कारण. शहाणपण यात आहे, की देवनागरी अंक आधी रूपांतरित करावेत, मागे-पुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढाव्यात, लांब रेघेची आडवी रेघ करावी आणि मगच पारख करावी. हे सफाईचे काम तपासनिसाचे नव्हे. तपासनीस मजकूर बदलत नाही, निवाडा देतो.

दोन रकान्यांचे नाते

काही नियम एका रकान्यात मावत नाहीत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. या करासाठी नोंदणी केलेल्याचा क्रमांक पंधरा चिन्हांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा चिन्हे म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन, पंधरावे पारख-चिन्ह. कारखान्याच्या पुरवठादार-नोंदीत पॅन आणि कर-क्रमांक असे दोन्ही रकाने असतील, तर ते परस्परांशी जुळलेच पाहिजेत. असा नियम संपूर्ण क्लासवर लावलेल्या चिठ्ठीने मांडावा. तपासनिसाच्या हाती तेव्हा एका रकान्याऐवजी अख्खी नोंद येते. चूक मात्र कोणत्या रकान्याखाली दाखवायची, हे त्याने आवर्जून सांगावे. अन्यथा संदेश पानाच्या माथ्यावर उमटतो आणि भरणाऱ्याला काय दुरुस्त करावे ते उमगत नाही.

संदेश कोणत्या भाषेत?

‘अवैध मजकूर’ हा संदेश कोणाच्याच उपयोगाचा नाही. काय चुकले आणि काय करावे, हे दोन्ही त्यात असावे. संदेश चिठ्ठीत थेट न लिहिता वेगळ्या संदेश-फाइलमध्ये ठेवले, तर मराठी, हिंदी, इंग्रजी अशा भाषांप्रमाणे ते बदलता येतात. जावाच्या नवव्या आवृत्तीपूर्वी, म्हणजे २०१७ पूर्वी, अशा फाइलमध्ये देवनागरी थेट लिहिण्याची सोय नव्हती, सांकेतिक आकडे लिहावे लागत. नव्या आवृत्त्यांत यूटीएफ-८ मधील देवनागरी मजकूर सरळ वाचला जातो.

सोपविण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

* बरोबर आणि चूक, दोन्ही प्रकारचे नमुने चाचणीत असावेत. केवळ चूक पकडली जाते का, एवढे पाहून भागत नाही. बरोबर मजकूर सुटतो का, हेही पाहावे. पिनकोडच्या चाचणीत वाडा आणि नावाच्या चाचणीत आठही तालुके असलेच पाहिजेत.

* एका नोंदीच्या पोटात दुसरी नोंद असेल, तर आतल्या नोंदीचीही तपासणी करण्याची सूचना वेगळी द्यावी लागते. ती नसल्यास आतल्या चिठ्ठ्या वाचल्याच जात नाहीत.

* जुनी आज्ञावली नव्या प्रणालीवर नेताना चिठ्ठ्यांचे पॅकेज तपासावे. २०२० मध्ये ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ हे नाव आले. जुन्या नावाच्या चिठ्ठ्या राहिल्या, तर नवा तपासणारा त्यांना ओळखत नाही आणि गप्प बसतो.

* ब्राउझरमधील तपासणी ही भरणाऱ्याची सोय आहे, संरक्षण नव्हे. खरी तपासणी सर्व्हरवरच झाली पाहिजे.

पारख-अंकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. कॅस क्रमांकात पारख-अंकाआधीच्या कोणत्याही दोन शेजारच्या अंकांची अदलाबदल पकडली जाते. पण एकच अंक चुकला तर तो दर वेळी सापडेलच असे नाही. गंधकाम्लाच्या क्रमांकात दुसरा अंक ६ ऐवजी ८ पडला, तर ७८६४-९३-९ ची बेरीज १३९ येते आणि बाकी पुन्हा ९ च. त्या अंकाचा गुणक ५ असल्याने दोनाच्या फरकाने बेरीज नेमकी दहाने वाढते. म्हणून क्रमांकाबरोबर रसायनाचे नावही घ्यावे आणि दोन्ही कारखान्याच्या मान्य यादीशी ताडून पाहावेत.

यादीशी ताडूनही एक काम उरतेच. क्रमांक बरोबर लिहिला आहे, एवढेच आज्ञावली सांगू शकते. पिंपात तेच रसायन आहे, हे ती सांगू शकत नाही. तेथे पिंपावरचे लेबल वाचणारा भांडारपाल लागतो. अ‍ॅनोटेशनने त्याचे काम हलके करावे, त्याच्या लेखणीतील अदलाबदल पकडावी आणि वाड्याहून आलेला खरा पत्ता मुकाट्याने आत घ्यावा.